साल्मोनेला स्लाइडवर टाइप कसा करायचा, आणि सीरम त्यात नक्की काय ओळखतं

स्लाइडवरच्या साल्मोनेला बॅक्टेरियावर ओ-९ नावाच्या सीरमचा, म्हणजे अँटिबॉडी असलेल्या द्रावाचा, थेंब टाकला, गुठळी आली, रजिस्टरमध्ये टायफी (टायफॉइडचा बॅक्टेरिया) लिहिलं, झालं काम. लॅबला लागल्यावर माझे पहिले सहा महिने असेच गेले. मग डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं, "ताई, हे सीरम ओळखतं तरी काय? बॅक्टेरियाचं तोंड बघतं का?" आणि मला धड सांगता येईना. त्यानंतर बरंच वाचलं, बरंच हाताने करून बघितलं, आणि लक्षात आलं की स्लाइडची प्रत्येक स्टेप, म्हणजे सलाइन आधी का, उकळायचं का, एका मिनिटातच का वाचायचं, हे सगळं एकाच गोष्टीतून निघतं: अँटिबॉडी बॅक्टेरिया ओळखतच नाही, ती त्याच्या अंगावर लटकलेली एक साखर ओळखते. तेवढं डोक्यात बसलं की पाठ करायला फारसं काही उरत नाही.

आधीच सांगते, हे लॅबमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणि मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्यांसाठी आहे. जिवंत टायफीशी खेळायचं नसतं, सेफ्टी कॅबिनेट, ग्लोव्हज आणि डोकं ठिकाणावर हे तिन्ही असेल तरच बसा.

समोर काय आहे ते आधी बघा

साल्मोनेला ग्रॅम निगेटिव्ह, म्हणजे बाहेरून त्याला एक जास्तीचा पडदा, आणि त्या पडद्यात रोवलेले एलपीएसचे (लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे चरबीला जोडलेली साखर) लाखो रेणू. प्रत्येकाच्या मुळाशी लिपिड-ए, त्याच्यावर कोअर नावाचा साखरेचा छोटा तुकडा, आणि त्याच्यावर बाहेर लोंबणारी लांब साखळी, तिलाच आपण ओ-अँटिजेन म्हणतो (अँटिजेन म्हणजे अँटिबॉडी जे धरते ते). ही साखळी म्हणजे एकच डबा परत परत जोडलेली लोकल. प्रत्येक डब्यात तीन साखरा ओळीत, मॅनोज, रॅम्नोज, गॅलॅक्टोज, आणि चौथी साखर मॅनोजवरून बाजूला लटकलेली. लोकलमध्ये वरच्या दांडीला हँडल लटकतात ना, तसं. दांडी म्हणजे त्या तीन साखरा आणि हँडल म्हणजे चौथी. काही साखळ्यांना एक-दोनच डबे, काहींना डझनभर, काहींना त्याहून कितीतरी जास्त, एकाच बॅक्टेरियावर सगळी सरमिसळ असते.

आता गंमत बघा. साल्मोनेलाच्या ज्या ग्रुपांवर आपण रोज शिक्के मारतो त्यातल्या ए, बी आणि डी या तिघांची दांडी तीच, बदलतं फक्त हँडल. बी ग्रुपमध्ये, म्हणजे टायफीम्युरियमवगैरेमध्ये, हँडल ॲबेक्वोज, त्याला आपण ओ-४ म्हणतो. डी मध्ये, म्हणजे टायफी आणि एंटेरायटिडिसमध्ये, टायव्हेलोज, तोच ओ-९. ए मध्ये, म्हणजे पॅराटायफी-ए मध्ये, पॅराटोज, तो ओ-२. आणि तिघांतही ओ-१२ असतो तो मुख्यतः त्या सामाईक दांडीमुळे. म्हणून माहितीपत्रकात टायफी ९, १२ आणि पॅराटायफी-ए १, २, १२ असे आकडे दिसतात. ते उगाच पाठ करायला दिलेले नाहीत, ते साखरांचे पत्ते आहेत. नावंही तिथूनच पडलीत, ॲबेक्वोज हे साल्मोनेला ॲबॉर्टस-इक्वी वरून, पॅराटोज पॅराटायफी वरून.

टायव्हेलोज आणि पॅराटोज मध्ये फरक किती? दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरचा एक ओएच ग्रुप एकात एका बाजूला, दुसऱ्यात दुसऱ्या बाजूला. बस. गणपतीची मूर्ती तीच, मखर तेच, फक्त सोंड डावी की उजवी एवढाच प्रश्न. बॅक्टेरिया आधी पॅराटोजच बनवतो, मग एक एन्झाइम ती सोंड फिरवतं आणि टायव्हेलोज तयार होतं. पॅराटायफी-ए मध्ये त्या एन्झाइमचा जीनच बिघडलेला आहे, म्हणून तो पॅराटोजवर अडकून राहिला. म्हणजे आपण ए ग्रुप आणि डी ग्रुप असे दोन वेगळे रकाने करतो त्यामागे एक बिघडलेला जीन आहे. आणि अँटिबॉडीला हा सोंडेचा फरक कळतो, मला याचंच जास्त आश्चर्य वाटतं.

अँटिबॉडी साखर धरते कशी

साखर धरणं हे तसं वैतागाचं काम. साखरेच्या अंगभर ओएच, आणि त्या प्रत्येकाला आजूबाजूचं पाणी आधीच चिकटलेलं. अँटिबॉडीला त्या पाण्याला हटवून आपली जागा करायची असते, आणि बदल्यात मिळतं काय तर जवळपास तसलेच हायड्रोजन बाँड जे पाण्याबरोबर होतेच. त्यामुळे फायदा थोडा आणि पकड ढिली.

पण वरच्या तिन्ही हँडलांमध्ये एक गोम आहे. ती तिन्ही ३,६-डायडीऑक्सी साखरा आहेत, म्हणजे तिसऱ्या आणि सहाव्या कार्बनवरचे ओएच गायब. म्हणून त्या साखरेचा एक भाग थोडा तेलकट स्वभावाचा होतो, पाण्याशी फार सलगी नाही. १९९१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बी ग्रुपच्या साखळीविरुद्धच्या एका अँटिबॉडीचा क्रिस्टल केला, एसई १५५-४ तिचं नाव, आणि साखर आत बसलेली असताना तिची रचना काढली. त्यात दिसलं की ॲबेक्वोज ८ अँगस्ट्रॉम खोल आणि ७ अँगस्ट्रॉम रुंद (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) अशा एका खिशात पूर्ण आत शिरून बसलंय, खिशाच्या भिंती ट्रिप्टोफॅन, हिस्टिडीन असल्या सपाट कड्यांच्या अमिनो ॲसिडच्या, आणि आत पाण्याचा एक रेणू मुद्दाम ठेवल्यासारखा, जो साखर आणि अँटिबॉडी दोघांनाही हायड्रोजन बाँडने धरून आहे. मॅनोज आणि गॅलॅक्टोज खिशाच्या तोंडाशी टेकलेले. म्हणजे पूर्ण बॅक्टेरियापैकी अँटिबॉडीने हातात घेतलं काय, तर तीन साखरा, आणि त्यातली खरी मुठीत एकच.

सगळ्या अँटिबॉडी खिसावाल्या नसतात हां. ज्या साखळीला असं लटकणारं हँडल नसतं तिथे अँटिबॉडी दांडीच धरते, आणि त्यासाठी तिच्यावर खिशाऐवजी लांबट खाच असते. एल्व्हिन कबाटने डेक्स्ट्रान, म्हणजे नुसत्या ग्लुकोजच्या माळेवर काम करून दाखवलं होतं की अशा जागेत सहा-सात ग्लुकोजच्या आसपास मावतात, त्याहून मोठं काही अँटिबॉडी एका हाताने धरू शकत नाही.

आता पकड किती घट्ट? त्या एसई १५५-४ चा आकडा डिसोसिएशनच्या, म्हणजे पकड सुटण्याच्या, भाषेत ५ मायक्रोमोलरच्या जवळ येतो (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट). प्रोटीनविरुद्धच्या चांगल्या अँटिबॉडी नॅनोमोलरमध्ये असतात, म्हणजे शेकडो ते हजार पट घट्ट. मग इतक्या ढिल्या पकडीवर स्लाइडवर ढळढळीत गुठळी कशी येते? परत लोकलमध्ये या. एका हाताने हँडल धरून उभं राहिलं की धक्क्याला हात सुटतो, दोन्ही हातांनी दोन हँडल धरली की एक सुटलं तरी तुम्ही पडत नाही आणि तोवर सुटलेला हात परत पकडतो. अँटिबॉडीच्या प्रकारांपैकी आयजीजीला दोन हात, आयजीएमला दहा. आणि समोर एकच हँडल नाही, एकाच साखळीवर तसली डझनावारी आणि तशा साखळ्या लाखो. म्हणून एकेक पकड कमजोर असून एकूण पकड जबरदस्त. याला ॲव्हिडिटी म्हणतात. त्यात एक हात या बॅक्टेरियावर आणि दुसरा शेजारच्यावर पडला की पूल झाला, असे पूल वाढत गेले की जाळं, आणि जाळं डोळ्याला दिसतं तीच गुठळी. १८९६ मध्ये ग्रुबर आणि डरहॅमने हेच बघितलं होतं, साखरेचा पत्ता त्यांना नव्हता एवढंच. साखर ही सुद्धा अँटिजेन असू शकते हे लोकांच्या गळी उतरायला १९२३ उजाडलं, हायडेलबर्गर आणि एव्हरीने न्यूमोकॉकसच्या कॅप्सूलमधून साखर वेगळी काढून दाखवली तेव्हा.

बेंचवर बसायच्या आधी

बायोकेमिकल, म्हणजे बॅक्टेरिया काय खातो आणि काय बनवतो याच्या टेस्ट, झाल्याशिवाय सीरमची बाटली उघडायची नाही, हा माझा नियम. टीएसआय, युरिएज, सिट्रेट, इंडोल, जे काय तुमच्याकडे चालतं ते बघून हा साल्मोनेलासारखा वागतोय हे ठरलेलं असू द्या. का ते पुढे सिट्रोबॅक्टरमध्ये कळेल.

कल्चर ताजं, १८ ते २४ तासांचं, आणि शक्यतो न्यूट्रिएंट अगरवरून नाहीतर टीएसआयच्या स्लँटवरून घ्या. एक्सएलडी किंवा मॅकॉन्कीसारख्या सिलेक्टिव्ह (ठरावीक बॅक्टेरियाच वाढू देणाऱ्या) प्लेटवरून थेट घेणारे आहेत, मला विचाराल तर नका घेऊ, एक रात्र वाचवायला जाता आणि दोन दिवस घालवता. शिवाय सिलेक्टिव्ह प्लेटवरच्या कॉलनीखाली दुसरं काहीतरी दबून बसलेलं असू शकतं.

सीरम फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला, फ्रीझरमध्ये नाही. काढल्यावर रूम टेम्परेचरला येऊ द्या. गढूळ दिसलं तर वापरू नका, त्यातले कण तुम्हाला गुठळी वाटतील. ज्या दिवशी काम त्या दिवशी एक माहितीतला पॉझिटिव्ह स्ट्रेन आणि एक निगेटिव्ह लावाच. हे कोणी करत नाही आणि सगळे म्हणतात आम्ही करतो.

हे सिंगल फॅक्टरचं, म्हणजे एकच आकडा ओळखणारं, सीरम बनतं कसं तेही ऐकून ठेवा. सशाला आख्खा टायफी दिला तर ससा हँडलविरुद्ध पण अँटिबॉडी बनवतो आणि दांडीविरुद्ध पण, म्हणजे ९ आणि १२ दोन्ही. मग त्या सीरममध्ये असा स्ट्रेन कालवायचा ज्याच्यावर १२ आहे पण ९ नाही, तो १२ वाल्या सगळ्या अँटिबॉडी अंगावर घेऊन खाली बसतो, वर उरतं ते नुसतं ९. ॲब्सॉर्प्शनची ही युक्ती कॅस्टेलानीने १९०२ मध्ये सांगितली. पिठातून कोंडा चाळायचा तसलाच प्रकार, आणि चाळणी नीट नसेल तर थोडा कोंडा राहतो. म्हणून एखाद्या लॉटचं ओ-९ सीरम बी ग्रुपच्या स्ट्रेनबरोबर हळूहळू, बारीकशी गुठळी देतं, तेव्हा गोंधळून जाऊ नका, ते राहिलेलं १२ असू शकतं.

सलाइन आधी, कायम आधी

स्वच्छ स्लाइड घ्या, बोटांचे तेलकट डाग नकोत. ग्लास मार्किंग पेन्सिलने मधोमध रेघ मारून दोन घरं करा. दोन्हीकडे ०.८५ टक्के सलाइनचा एकेक छोटा थेंब. लूपने कॉलनीचा टिकलीएवढा भाग उचला, थेंबाच्या कडेला घासत घासत हळूहळू आत ओढा, एकदम मधे बुचकळू नका, नाहीतर गोळे राहतात आणि पुढे त्याच गोळ्यांना तुम्ही पॉझिटिव्ह म्हणाल. पाणी घातलेल्या दुधासारखं एकसारखं झालं पाहिजे.

आता सीरम टाकायच्या आधी स्लाइड हलवा आणि बघा. नुसत्या सलाइनमध्ये जर दाणे दिसायला लागले तर तिथेच थांबा.

माझा किस्सा सांगते. पावसाळ्याचे दिवस, सॅम्पलांचा ढीग, मला सहाच्या आत निघायचं होतं, म्हणून मी सलाइनचं घर ठेवलंच नाही. थेट पॉली-ओ (बऱ्याच ओ-ग्रुपांसाठी मिळून एक सीरम) टाकलं, गुठळी. ओ-९ टाकलं, गुठळी. खुशीत लिहून टाकलं. मॅडमनी स्लाइड बघितली, मग माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "सलाइन कुठाय?" मी म्हटलं, "मॅडम, नाही लावलं, पण क्लिअर पॉझिटिव्ह आहे." त्यांनी काही न बोलता त्याच कॉलनीवर ओ-४ टाकलं. गुठळी. ओ-२ टाकलं. गुठळी. मग नुसतं सलाइन. त्यातही तीच गुठळी, अगदी दूध नासल्यासारखी. तो रफ स्ट्रेन होता.

रफ म्हणजे काय, तर ओ-साखळीच गळून गेलेली, लोकलचे डबे नाहीत, नुसतं इंजिन. साखळी पाण्यात छान फुलून बॅक्टेरियांना एकमेकांपासून लांब ठेवते. ती गेली की ते मिठाच्या पाण्यात आपले आपणच एकमेकांना चिकटतात, अँटिबॉडीचा त्यात काही हात नसतो. परत परत सबकल्चर केलेल्या जुन्या स्ट्रेनमध्ये हे हमखास होतं. अशा वेळी प्लेटवर नीट बघून गुळगुळीत, चकचकीत, गोल कडेची कॉलनी शोधा, ती वेगळी वाढवा आणि परत करा. नाही मिळाली तर रिपोर्टमध्ये सरळ लिहा की स्ट्रेन रफ आहे, ओ टाइप होत नाही. त्यात लाज नाही.

आता सीरम

सलाइन साफ असेल तर एका घरात पॉली-ओ चा थेंब, दुसऱ्या घरात तेवढाच सलाइनचा. लूपने मिसळा, प्रत्येक घराला वेगळा लूप किंवा मधे जाळून थंड केलेला, आणि स्लाइड हातात धरून मागे पुढे कलवत राहा. खाली काळा कागद, लाइट बाजूने. पॉझिटिव्ह असेल तर पहिल्या दहा-पंधरा सेकंदांतच दुधात काहीतरी बिघडल्यासारखं वाटायला लागतं, मग कडेकडेला रव्यासारखे दाणे जमतात आणि मधलं पाणी नितळ होतं. ही नितळ होण्याची खूण महत्त्वाची, दाणे आहेत पण पाणी अजून गढूळच असेल तर मी त्याला पॉझिटिव्ह म्हणत नाही. घड्याळ लावून एक मिनिट, त्यानंतर बघायचं नाही. थेंब सुकायला लागला की कडेला सगळंच दाणेदार दिसतं, शिवाय वेळ दिला की ढिल्या, उसन्या पकडीही जमायला लागतात.

ओ ची गुठळी रवाळ आणि घट्ट, एच ची, म्हणजे शेपटीविरुद्धची, पिंजलेल्या कापसासारखी सैल आणि झटकन येणारी. एकदा दोन्ही शेजारी शेजारी करून बघा, नंतर विसरायला होत नाही.

पॉली-ओ आलं की एकेक फॅक्टर. आपल्याकडे रक्तातून आलेला असेल तर मी आधी ओ-९ लावते, मग ओ-२, कारण एंटेरिक फीव्हरमध्ये (टायफॉइड आणि पॅराटायफॉइडच्या तापात) भारतात टायफी आणि पॅराटायफी-ए हेच दोघे जास्त भेटतात. शौचातून किंवा खाण्यातून आलेला असेल तर ओ-४ ने सुरुवात. हा काही शास्त्रात लिहिलेला क्रम नाही, सीरम महाग असतं म्हणून लावलेलं डोकं आहे.

आणि प्लीज, ओ-९ आलं म्हणून टायफी लिहू नका. मी लिहायचे म्हणून सांगतेय. ओ-९ म्हणजे फक्त एवढंच की हँडल टायव्हेलोजचं आहे, आणि ते एंटेरायटिडिसवर पण तेच आहे, डब्लिनवर पण तेच, कोंबड्यांच्या गॅलिनारमवर पण. टायफी म्हणायला ओ-९, शिवाय एच-डी (शेपटीचा प्रकार), शिवाय बायोकेमिकल जुळलं पाहिजे, व्हीआय (त्याबद्दल पुढे) मिळालं तर उत्तमच. पॅराटायफी-ए ला ओ-२ आणि एच-ए. व्हाइट-कॉफमन स्कीममध्ये आज २५०० हून जास्त सीरोव्हार (सीरमने वेगळे ओळखलेले प्रकार) आहेत, ते सगळे तुमच्या सहा बाटल्यांत मावणार नाहीत. जे बसत नाही ते कसौलीला पाठवा, सेंट्रल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये त्यासाठी राष्ट्रीय केंद्रच आहे.

कधी कधी उलटं होतं, स्ट्रेन दाट नसतो, सीरम मात्र बदाबदा टाकलेलं, आणि गुठळी येतच नाही. अँटिबॉडी इतक्या जास्त की प्रत्येक हँडलवर आधीच कोणीतरी बसलंय, एका अँटिबॉडीचे दोन हात दोन बॅक्टेरियांवर पडायला जागाच नाही, मग पूल होणार कसा. याला प्रोझोन म्हणतात. कल्चर जरा दाट करा, सीरमचा थेंब लहान करा, आणि परत बघा.

ओ येत नाही पण टायफी वाटतोय? उकळा

टीएसआय बघून तुमचं मन सांगतंय टायफी, वर अल्कलाइन खाली ॲसिड, गॅस नाही, काळं अगदी मिशीएवढं, आणि पॉली-ओ मात्र निगेटिव्ह. अशा वेळी व्हीआय सीरम लावा. गुठळी आली तर समजा की साखळीवर पांघरूण आहे.

व्हीआय ही पण साखरच, पण वेगळी कॅप्सूल, फेलिक्स आणि पिटने १९३४ मध्ये वर्णन केलेली. एकाच प्रकारच्या साखरेची, गॅलॅक्टोसामिन्युरोनिक ॲसिडची लांब माळ, जिच्यावर जागोजागी ॲसिटिल ग्रुप खोवलेले. अँटिबॉडी धरते ते मुख्यतः या ॲसिटिलवरून, ते काढून टाकले की व्हीआयची ओळखच जाते. ही माळ इतकी दाट पसरलेली असते की खालच्या ओ-हँडलपर्यंत अँटिबॉडीचा हात पोचत नाही. शालीत गुंडाळलेल्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजायला सांगितल्यासारखं.

मग काय करायचं, तर सलाइनमध्ये दाट सस्पेन्शन करा, टेस्ट ट्यूबला कापसाचं बूच किंवा सैल झाकण, आणि उकळत्या पाण्यात १५ ते ३० मिनिटं, तुमच्या सीरमच्या माहितीपत्रकात जो वेळ दिलाय तो पाळा. काढून पूर्ण थंड करा, गरम सस्पेन्शनवर सीरम टाकून अँटिबॉडीच शिजवू नका. मग परत ओ-९ आणि व्हीआय दोन्ही लावा. टायफी असेल तर आता ओ-९ पॉझिटिव्ह आणि व्हीआय निगेटिव्ह, बरोबर उलटं. शाल सैल अडकवलेली होती, ती निघून पाण्यात गेली, ओ-साखळी मात्र लिपिड-ए ने पडद्यात घट्ट रोवलेली, ती तिथेच. आणि साखर असल्यामुळे उकळून तिला काही होत नाही. अंडं उकडलं की परत कच्चं होत नाही, पण चहात साखर कितीही उकळा, गोडी तीच. शेपटीचं प्रोटीन अंड्यासारखं, म्हणून एच बघायला उकळलेलं कल्चर चालत नाही, ओ ला चालतं.

आता सिट्रोबॅक्टर. सिट्रोबॅक्टर फ्रुंडीच्या काही स्ट्रेनवर हेच व्हीआय असतं, आणि अँटिबॉडीला बॅक्टेरियाशी देणंघेणं नाही, साखर तीच म्हणजे गुठळी तीच. नुसत्या व्हीआयवर टायफी लिहिलं तर इथे तोंडावर आपटाल. म्हणून म्हटलं बायोकेमिकल आधी, सिट्रोबॅक्टर सिट्रेट खातो, टीएसआयमध्ये बहुतेक वेळा भसाभस काळं करतो, टायफी तसलं काही करत नाही. ही सारखी साखर एका ठिकाणी उपयोगाला पण आलीय, हैदराबादच्या बायोलॉजिकल-ई च्या टायफॉइड लसीत वापरलेलं व्हीआय सिट्रोबॅक्टरमधूनच काढलेलं आहे.

हाच हिशोब विडालला

विडाल, टायफॉइडसाठी पेशंटच्या रक्ताची करतात ती टेस्ट, म्हणजे हीच स्लाइड उलटी फिरवलेली. इथे सीरम ओळखीचं आणि बॅक्टेरिया अनोळखी, तिथे बॅक्टेरिया बाटलीतला आणि सीरम पेशंटचं. म्हणजे विडालचा ओ पॉझिटिव्ह आला याचा अर्थ पेशंटच्या रक्तात त्या साखरांना धरणाऱ्या अँटिबॉडी आहेत, बस. टायफीने आल्या, एंटेरायटिडिसने आल्या की १२ मुळे टायफीम्युरियमने, की दोन वर्षांपूर्वीच्या टायफॉइडच्या राहिल्यात, हे विडाल सांगत नाही. आपल्या भागात टायफॉइड इतका की निरोगी माणसाच्याही रक्तात थोडा टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) असतोच. जिथे तिथे एका विडालवर टायफॉइड ठरवून पेशंटला सलाइनची बाटली चढवतात त्याचा मला खरंच राग येतो. अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी ब्लड कल्चर घ्यायला सांगा, ते प्रत्येक वेळी येत नाही हे खरं, पण आलं तर हातात खरा बॅक्टेरिया असतो.

लसीचं पण लगे हात सांगते, कारण नातेवाईक विचारतात. नुसती साखर टोचली तर बी-सेल (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) परस्पर कामाला लागतात, टी-सेलना (त्यांना मदत करणाऱ्या पेशींना) साखर दाखवताच येत नाही, म्हणून मेमरी नीट बनत नाही आणि दोन वर्षांखालच्या मुलांना फारसा उपयोगच होत नाही. त्यावर उपाय म्हणजे साखर एखाद्या प्रोटीनला, म्हणजे टिटॅनस टॉक्सॉइडवगैरेला, केमिकली जोडायची, प्रोटीन टी-सेलना बोलावतं आणि फायदा साखरेविरुद्धच्या अँटिबॉडीला मिळतो. टायफॉइडची कॉन्जुगेट लस अशीच, आणि सरकारी पातळीवर ती मोहीम म्हणून द्यायची सुरुवात २०१८ मध्ये आपल्या नवी मुंबई महापालिकेने केली, ९ महिने ते १४ वर्षांच्या लाखभर मुलांना. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनिंजायटिस-ए ची लस पण याच जातीची, २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोपासून आफ्रिकेत सुरू झाली.

उठायच्या आधी

स्लाइडवर मेलेलं काही नाही, गुठळी झाली म्हणजे बॅक्टेरिया मेला असं नसतं, तो फक्त बांधला गेलाय. स्लाइड सरळ १ टक्का हायपोक्लोराइटच्या भांड्यात, लूप जाळून, उकळलेली ट्यूब पण ऑटोक्लेव्हला. सिंकखाली धुवायला नेणाऱ्याला मी बोलते, राग आला तर येऊ दे.

रजिस्टरमध्ये नुसतं पॉझिटिव्ह नका लिहू. सलाइन निगेटिव्ह, पॉली-ओ निगेटिव्ह, व्हीआय पॉझिटिव्ह, उकळल्यावर ओ-९ पॉझिटिव्ह आणि व्हीआय निगेटिव्ह, एच-डी पॉझिटिव्ह, सीरमचा लॉट नंबर, कल्चर किती तासांचं, असं सगळं लिहा. एक ओळ जास्त जाते, पण सहा महिन्यांनी कोणी विचारायला आलं की तीच ओळ कामाला येते. आता आमच्याकडे सलाइनचा रकाना रिकामा असेल तर पुढचा रकाना भरू देत नाहीत, आणि तो नियम कोणामुळे आला ते वर सांगितलंच आहे.